मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत

मोटारीच्या दाराला पोचा पडला, की तो आतून ठोकून काढायचा, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की कागदाने घासून सपाट करायची आणि त्यावर अस्तराचा फवारा मारायचा. एवढं झालं की दार अगदी सरळ दिसतं. पण दिसणं निराळं आणि असणं निराळं. अस्तर असतं राखेसारखं, मेलेलं. त्यात कशाचं प्रतिबिंब पडत नाही, म्हणून खोटही दिसत नाही. वर चकचकीत रंगाचा शेवटचा हात बसला आणि गाडी उन्हात नेली, की मग सगळी लबाडी उघडी पडते. समोरचा सरळसोट विजेचा खांब दारात पाहावा, तर तो नागासारखा वळवळत वर चाललेला. म्हणजे पत्र्यात लाट राहिली. मग खरवडा सगळा रंग आणि बसा पुन्हा पहिल्यापासून.

ती लाट रंगाच्या आधी पकडायची, हे लाटमावशीचं काम. चाळीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही असं कुणी म्हटलं तर तिला राग यायचा. मधल्या वेळात तिने एक मुलगा वाढवला होता, एक सून आणली होती आणि एक नवरा सांभाळला होता, आणि ह्यातलं शेवटचं काम पत्र्यापेक्षा जड होतं.

गॅरेज घराला लागूनच. मधलं दार कधी लागायचं नाही, म्हणून घरातल्या पडद्यांना रंगाचा वास आणि गॅरेजातल्या पान्यांना कांदा परतल्याचा. नवरा रंग मारायचा. त्याला सगळे पेंटर म्हणत, आणि रागात असली की मावशीही पेंटरच म्हणायची. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या हाती हातोडी दिली, की ती पत्रा सोडून त्याच्या अंगठ्यावरच पडायची. म्हणून हातोडी सुनेकडे गेली, आणि ती अशी काही ठोकायची की पत्र्याने मुकाट्याने ऐकावं. "सून हातोडी घेऊन मागे उभी असते आणि सासू निवांत पाठ करून बसते," असं गल्लीतले लोक पाहुण्यांना सांगायचे, "ह्याला म्हणतात विश्वास."

मावशी ह्या घरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासऱ्यांना चहा द्यायला म्हणून गॅरेजात गेली आणि उगीच एका गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, "इथे उंच लागतंय." सासरे हसले. गाडी रंगून उन्हात गेली, आणि मग ते हसेनात. तेव्हापासून त्यांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. हात उघडा लावायचा नाही. उघडा तळवा पत्र्याला चिकटतो, अडखळतो, आणि त्या अडखळण्यातच सगळं लक्ष जातं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा तुकडा हाताखाली घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि लांब, संथ, एका दमात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. कापडाखाली घसरण तेवढी उरते आणि चढउतार हाताला सापडतो. "डोळा भोळा असतो, सूनबाई," सासरे म्हणायचे. "हात संशयी असतो. पत्र्याच्या धंद्यात संशयी माणूस हवा."

म्हातारे गेले, पण नियम राहिला. मावशीच्या हाताने 'हां' म्हटल्याशिवाय पेंटरने शेवटचा हात मारायचा नाही.

तर अशी ही बाई, साठीला दोन वर्षं कमी असताना, एका सकाळी सुनेला मदत म्हणून फाटलेला पत्रा धरून उभी राहिली. पत्रा निसटला. त्याची कड उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूने अशी गेली, की तिला आधी कळलंच नाही. मग रक्त. मग सगळी धावपळ. डॉक्टरांनी दुर्बिणीखाली शिवण घातली, हाताला पट्टी बांधली आणि सांगितलं, "स्नायूंच्या दोऱ्या वाचल्या. मज्जातंतू तुटला होता, तो जोडलाय. आता धीर धरायचा."

धीर कशासाठी धरायचा, ते पट्टी सुटल्यावर समजलं. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि त्यांच्याखालचा तळवा, सगळं आपलंच, पण कुणी दुसऱ्याने उसनं दिल्यासारखं. गंमत करंगळीशेजारच्या बोटाची. त्याची करंगळीकडची बाजू जिवंत आणि मधल्या बोटाकडची मेलेली. पाचही बोटं सारखी नसतात हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. एकाच बोटाच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे तिला आता कळलं.

तिने पहिल्याच दिवशी कापड घेऊन एका दारावर हात फिरवला. काही नाही. भिंतीला कान लावावा आणि पलीकडे घरच नसावं, तसं.

दवाखान्यात हातांचे व्यायाम घेणारी एक तरुण मुलगी होती. तिच्या टेबलावर पिसं, कापसाचे बोळे, नायलॉनचे बारीक केस, टोचण्या, आणि वाजवलं की थरथरत राहणारा लोखंडी चिमटा, असा संसार. मावशीने तिचं नाव पिसंवाली ठेवलं आणि पहिल्याच भेटीत विचारलं, "आतले सगळे मेले का, ते सांग. उगीच गोड बोलू नकोस."

"कोण मेले?"

"जे कोणी असतात ते. कळवणारे."

पिसंवालीला हे आवडलं. तिने मावशीचा डावा, चांगला हात स्वतःच्या हातात घेतला. "कळवणारे कातडीतच बसलेले असतात, मावशी, आणि सगळ्यांचा स्वभाव वेगळा. काही अगदी वर बसतात. जरा काही सरकलं, निसटलं, की लगेच ओरडतात. त्यांच्या जवळच काही शांत डोक्याचे. कड कुठे आहे, टोक कुठे आहे, किती दाबलंय, हे ते न थकता सांगत राहतात. काहींना फक्त कातडी ताणली की कळतं. आणि जे पार तळाशी बसलेत त्यांना थरथर कळते. टेबलाच्या त्या टोकाला फोन थरथरला तरी ह्या टोकाला ठेवलेल्या हाताला सांगतील. दुखणं, गरम, गार, ह्यांची माणसं आणखी निराळी."

"एवढी वस्ती," मावशी म्हणाली. "आणि सगळे गप्प?"

"ते जागेवर आहेत. तुमच्या मनगटात त्यांची तार तुटली. बाहेरची नळी डॉक्टरांनी जोडली, पण आतली तार मनगटापासून नव्याने वाढत बोटांपर्यंत जायची आहे. दिवसाला साधारण तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी. महिन्याला इंचभर धरा."

मावशीने तिथल्या तिथे टेप मागितली. मनगटावरच्या वणापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सात इंच भरले. "सात महिने. म्हणजे बाळंतपणापेक्षा दोन कमी, आणि ओकाऱ्याही नाहीत. चालेल."

"सुरुवातीला तार जरा रेंगाळते. आणि पोचल्यावरही लगेच सगळं जमत नाही."

"बाळाचंही तसंच असतं," मावशी म्हणाली.

मग पिसंवालीने तिला एक गोष्ट विचारली, जी मावशी पुढे सगळ्या गल्लीला सांगत सुटली. "डाव्या हातात बांगडी आहे ना? आत्ता मी बोलायच्या आधी ती कळत होती का?" कळत नव्हती. "कशी कळेल. ह्यातल्या बऱ्याच जणांना सारखी नवी बातमी लागते. तीच ती बातमी असली की कंटाळून गप्प बसतात."

"माझी नणंद," मावशी म्हणाली.

"म्हणून तर हात हलता ठेवावा लागतो. थांबला की बातमी थांबली."

सासरे एका दमात जा, थांबू नकोस, म्हणून का ओरडायचे, ते मावशीला चाळीस वर्षांनी कळलं.

मग सुरू झाली मुंग्यांची मोजणी. मनगटापासून वर वर बोटाने हलकेच ठोकत जायचं. जिथे मुंग्या येतील तिथपर्यंत तार पोचली, असं समजायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सून पेन घेऊन तिच्या तळव्यावर रेघ मारायची. मुलगा गणिताचा, त्याने कागदावर आलेख काढून भिंतीला चिकटवला. येणाराजाणारा विचारायचा, "मुंग्या कुठपर्यंत आल्या?" मावशीही उत्तर द्यायची, "अंगठ्याच्या बुडाशी मुक्काम आहे."

मधल्या काळात भानगडी झाल्याच. एकदा उकळत्या चहाचा पेला तिने उजव्या हातात धरला आणि शेजारणीशी बोलत बसली. शेजारीण गेली तेव्हा अंगठ्यावर जांभळाएवढा फोड. पिसंवाली तिच्यावर अशी रागावली, की मावशीला बरं वाटलं. तेव्हापासून गरम वस्तूला आधी डावा हात, मग उजवा.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती गॅरेज झाडत होती. सुपलीतून पत्र्याचं एक कुसळ तिच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यात घुसलं. "आई गं," ती म्हणाली, आणि मग सुपली टाकून मोठ्याने हसायला लागली. सून धावत आली.

"आई, काय झालं?"

"टोचलं."

"मग हसताय काय?"

"अगं, टोचलं." तिने हात पुढे केला. "पुन्हा टोच बघू."

सुनेने टोचलं. पेंटरने टोचलं. मुलगा शाळेत निघाला होता, तोही टोचून गेला. सासूला सुई टोचायची आणि वर तिने आशीर्वाद द्यायचा, असा दिवस त्या घरात पुन्हा कधी आला नाही.

पण टोचलेलं कळणं एक आणि लाट कळणं एक. बोटं अजून गप्पच होती. आणि गॅरेज रिकामं पडायला लागलं होतं. पेंटर मोठं काम घेईना. कुणी गाडी घेऊन आलं, की म्हणायचा, "आरसा बदलायचाय? बदलतो. ओरखडा? पुसून देतो. पण दार, बॉनेट नाही. हिचा हात येऊ दे." लोक दुसरीकडे जायचे. दुपारी गॅरेजात नुसती चिमण्यांची चिवचिव, आणि पेंटर स्टुलावर बसून धुतलेलेच ब्रश पुन्हा धुतोय. रोज सकाळी चहाबरोबर एकच प्रश्न, "आलं का काही?" रोज एकच उत्तर, "नाही."

मावशीला ते बघवेना. चाळीस वर्षांत ह्या माणसाने तिला कधी गजरा आणला नाही, की कौतुकाचा शब्द बोलला नाही, आणि आता तिच्या हातासाठी धंदा थांबवून बसलाय. तिचा जीव भरून यायचा. एका सकाळी त्याने विचारलं, "आलं का?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आलं."

पेंटरने चहाचा कप खाली ठेवला. "खरंच?"

"मग काय खोटं?"

तो उठला, शर्ट घातला आणि थेट मास्तरीणबाईंकडे गेला.

मास्तरीणबाई म्हणजे गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या निळ्या गाडीवर अख्ख्या गावाने हात साफ केलेला, त्यामुळे तिला बाराही महिने कुठे ना कुठे पोचा. त्यांचं एक दार दोन महिने तसंच चेपलेलं होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही म्हणून त्या थांबून राहिल्या होत्या. सुनेने दार ठोकून, लांबी भरून, घासून दिलं, आणि त्याच संध्याकाळी तिला माहेरी जावं लागलं, धाकट्या बहिणीला मुलगी झाली म्हणून.

दार अस्तर लावून उभं राहिलं. मावशीने कापड घेतलं, डोळे मिटले आणि हात फिरवला. तळव्याला अंधूक काहीतरी, बोटांना काही नाही. तिने पुन्हा फिरवला. डाव्या हाताने बघावं, तर पेंटर समोर उभा. 'आलं' म्हणून बसलेली बाई डावा हात कशाला लावेल? तिने मनाशी म्हटलं, सुनेचं काम चोख असतं, आणि काही राहिलंच तर रंग मारताना ह्यांचा डोळा आहे. "हां," ती म्हणाली. "मारा."

पेंटरने रंग मारला. दोन दिवसांनी दार पुसून, लांब उभं राहून पाहिलं आणि म्हणाला, "आरसा आहे, आरसा." गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई परत आल्या. आरडाओरडा नाही. गाडी उन्हात लावली, मावशीला हाताला धरून दारासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "मावशी, माझं पोट सुटलंय हे मला माहीत आहे. पण ह्या दारात मला दोन पोटं दिसतात. आणि शिकायला आलेल्या मुलीला तीन हनुवट्या. ती रडून घरी गेली."

मावशीने पाहिलं. दारात एक नाही, तीन लाटा होत्या. आंधळ्यालाही दिसल्या असत्या. आणि तिच्या मनात एकदम आलं, की मग ह्यांना का नाही दिसल्या?

पेंटर आत ब्रश धूत होता.

"अहो, इकडे या. हे दार बघा."

तो आला, बघितलं. "झकास आहे की."

"किती बोटं?" मावशीने चार हात लांबून डावा हात वर केला.

पेंटर हातातला ब्रश झटकायला लागला.

"पेंटर, मी विचारतेय, किती बोटं?"

"तीन," तो म्हणाला. एकच होतं.

मास्तरीणबाई बॉनेटवरच टेकल्या. मग पेंटर हळूच म्हणाला, "दोन वर्षं झाली. सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसतं. तुझा हात होता, म्हणून चाललं होतं. तू 'हां' म्हटलंस की मी डोळे झाकून मारायचो. उघडे ठेवून तरी काय फरक पडत होता."

"आणि मला वाटत होतं, माझ्या मायेपोटी काम घेत नाही हा माणूस."

"माया पण होती," पेंटर म्हणाला. "थोडी माया, थोडा मोतीबिंदू."

"आणि माझ्या हाताला काही आलेलं नाही," मावशी म्हणाली. "मी खोटं बोलले. मला वाटलं, तुमचा डोळा आहे."

"मला वाटलं, तुझा हात आहे."

आधी मास्तरीणबाई हसल्या. मग मावशी. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. चाळीस वर्षांत तिच्या 'हां'वर गेलेलं एकही दार परत आलं नव्हतं. आज आलं, आणि हाताकडून लाट चुकली म्हणून नाही; हाताने काही सांगितलंच नव्हतं, तिने नुसता अंदाज त्याच्या नावावर खपवला होता. तिने मास्तरीणबाईंना सांगितलं, "गाडी ठेवून जा. ह्या वेळी मला कळलं तरच 'हां' म्हणेन. नाही कळलं तर नाही म्हणेन, मग भले गॅरेजात चिमण्या घरटी करोत."

सून माहेरून आली, तिने सगळं ऐकलं, कमरेवर हात ठेवले आणि फर्मान काढलं. "बाबा, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. आई, उद्या पिसंवालीकडे. मी चार दिवस बाहेर काय गेले, घरात एक आंधळा आणि एक बधिर मिळून धंदा करत होते."

पिसंवालीला मावशीने आपलं खोटं स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "डाव्याला शिकवा. कळणं नुसतं बोटात नसतं, मावशी, डोक्यातही त्याची जागा असते. उजव्याच्या जागेला इतके महिने काही निरोप नाही, तर शेजारच्यांनी तिथे पथारी पसरली असेल. ती जागा हळूहळू परत मिळवायची. तोवर डावा काम करेल आणि उजवा शेजारी बसून शिकेल."

डावा हात म्हणजे शाळेत कधी न गेलेला भाऊ. मास्तरीणबाईंचं दार त्याने तीनदा खरवडायला लावलं. पण चौथ्यांदा डाव्याने स्वतः सांगितलं आणि ते दार उन्हात सरळ निघालं.

आणि मग उजव्याची शाळा. तांदळाच्या डब्यात घरातलं काय काय पुरून ठेवायचं आणि मावशीने डोळे मिटून शोधायचं. आधी उघड्या डोळ्यांनी वस्तू चाचपायची, मग मिटून, मग डाव्याने, मग पुन्हा उजव्याने. सहाव्या महिन्यात मुंग्या बोटांत शिरल्या. सातव्यात बोटांच्या टोकांना स्पर्श कळायला लागला, पण भलताच. सुनेने मधल्या बोटाला पीस लावलं, की मावशी म्हणायची, "अंगठा." अंगठ्याला लावलं, की "पहिलं बोट."

"तारा वाढल्या, पण आपापलं घर चुकल्या," पिसंवालीने सांगितलं. "पत्र शेजारच्या दारात पडतंय. डोक्याला नवे पत्ते पाठ करावे लागतील."

"टपालखात्यात बसल्यासारखं वाटतंय," मावशी म्हणाली. पण पत्ते पाठ करायला बसली. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. मुलगा शाळेतून आला, की डब्यात खडूचा तुकडा टाकून बघायचा. एका दुपारी तिने डब्यातून काहीतरी काढलं, दोन बोटांत फिरवलं आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "नट. दहा नंबर." सुनेने पाना लावून पाहिला. दहाच. त्या दिवशी घरात कुणाला जेवायला वाढायचं भान नव्हतं. सगळे वस्तू शोधत फिरत होते, आणि पेंटरने तर स्वतःच्या शर्टाचं बटण तोडून डब्यात टाकलं.

त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन एव्हाना झालं होतं. पट्टी निघाली तेव्हा त्याने पहिल्यांदा मावशीकडे पाहिलं. "तुला एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या?"

"तुमच्या धुक्यात," ती म्हणाली.

नव्या डोळ्यांनी तो फार शेफारला. रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्याने वाचायचा, भिंतीवरची कोळिष्टकं दाखवायचा, सुनेने घासलेल्या पत्र्यात खोट काढायचा. नऊ महिने होत आले तेव्हा मास्तरीणबाईंच्या गाडीचं बॉनेट आलं. कुणीतरी ब्रेक समजून भलतंच दाबलं होतं आणि गाडी झाडाशी बोलायला गेली होती. सुनेने ठोकलं, भरलं, घासलं. अस्तर वाळलं. पेंटरने वाकून, तिरकं होऊन, गुडघ्यावर बसून पाहिलं. "काही नाही. बघ, नव्या डोळ्यांनी सांगतोय. मारू का?"

"थांबा," मावशी म्हणाली.

तिने कापड घेतलं आणि उजव्या हाताखाली धरलं. सून बघत होती, मास्तरीणबाई बघत होत्या. मावशीने डोळे मिटले.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. 'नाही कळलं' हे शब्द तिने जिभेवर आणूनही ठेवले. मग तिला वाटलं, आपण घाई केली. हाताला ऐकायच्या आधीच आपण उत्तर मागतोय. दुसऱ्या फेरीत ती आणखी संथ गेली, खांद्यापासून, श्वास धरून. आणि दिव्याच्या वरच्या बाजूला, जिथे पत्रा वळतो तिथे, कापडाखाली काहीतरी तिच्या बोटांना किंचित उचलून पुन्हा खाली ठेवून गेलं. पूर्वीसारखं स्पष्ट नव्हतं. पलीकडच्या खोलीत कुणी हळू बोलावं तसं. पण घर रिकामं नव्हतं.

"इथे," ती म्हणाली. पेन्सिलने गोल केला. पुन्हा हात फिरवला. "आणि इथे." दुसरा गोल.

"कुठे? काहीसुद्धा नाही," पेंटर म्हणाला. "माझे डोळे आता..."

"तुमच्या डोळ्यांचं पुराण नको. सूनबाई, ठोकळा लाव."

लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळून घासलं, की उंच भाग आधी उघडा पडतो. तिथे खोटं चालत नाही. सुनेने पहिल्या गोलात दहाबारा हात मारले. अस्तराच्या मधोमध, नखाएवढा, पत्रा चमकला. उंच होता. पेंटर चष्मा पुसायला लागला, जो त्याने लावलेलाच नव्हता.

मग दुसरा गोल. सुनेने तितकेच हात मारले. अस्तर सगळीकडे सारखं झिजलं. तिने आणखी मारले. सारखंच. तिने सासूकडे बघितलं आणि बोलू की नको, अशी उभी राहिली.

"बोल की," मावशी म्हणाली. "नाही ना काही?"

"नाही, आई."

"मग ते पत्र चुकीच्या दारात पडलं." ती वाकली आणि तो गोल ओल्या फडक्याने स्वतःच पुसून टाकला.

सुनेने उंचवटा बसवला, पुन्हा भरलं, घासलं, अस्तर मारलं. दुसऱ्या सकाळी मावशीने तीनदा हात फिरवला. तिन्ही वेळा सपाट. तरी ती थांबली आणि एकदा डाव्यालाही विचारलं. मग म्हणाली, "हां. मारा."

मास्तरीणबाई गाडी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी बॉनेटवर वाकून आपली हनुवटी मोजली. एकच होती. जाताना त्या म्हणाल्या, "मावशी, म्हणजे हात आला म्हणायचा की नाही?"

"दोनात एक बरोबर आला," मावशी म्हणाली. "एक चुकला. पण चुकला तो माझा हात चुकला. मी अंदाज मारला नव्हता."

"पुढच्या वेळी दोन्ही बरोबर येतील."

"येतील, नाही येतील. तुमच्या शिकणाऱ्यांच्या कृपेने पुढच्या वेळेला फार दिवस थांबावं लागणार नाही, तेवढं बरं."

मास्तरीणबाई गाडीत बसल्या. आत पेंटर सुनेला सांगत होता, की वळणावरची लाट त्याला दिसली होती, फक्त तो बोलला नव्हता. सून हातोडी पुसत 'हो बाबा, हो बाबा' म्हणत होती. मावशीने पुढच्या गाडीचं दार स्टँडवर ओढून घेतलं, अस्तर वाळलंय का ते बघायला आधी डावं बोट टेकवलं, मग सवयीने उजवं. उजव्याला ते गार लागलं, आणि जरासं ओलसरही. "अजून वाळायचंय," ती कुणालाच न सांगता म्हणाली, आणि वाळेपर्यंत तिथेच स्टूल ओढून बसली.